कनकाक्काच्या एकोणीस हाका

दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मी सावनी, मूळची इचलकरंजीची, आणि गेली सहा वर्षं तमिळ मुलखातल्या सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. लोक प्रोग्रॅम लिहितात, तो कुठे मोडतो ते मी शोधते आणि सापडलं की तिकीट काढते: काय बिघडलं, कुठे, किती वेळा, कितपत गंभीर. ते तिकीट कुणाच्या तरी गळ्यात पडतं, तो बिघाड दुरुस्त करतो आणि तिकीट बंद करतो. आधीच्या नोकऱ्या धरून बारा वर्षं हेच करून माझा स्वभाव किरकिरा झालाय असं माझी आई म्हणते. तिचं निरीक्षण बरोबर आहे, मांडणी मात्र ढिसाळ आहे.

जूनमध्ये कंपनीच्या लक्षात आलं की आम्ही कुणी ऐकत नाही. म्हणजे साहेबांचं ऐकतो, आजूबाजूचं ऐकत नाही. त्यावर उपाय म्हणून पुण्याहून सिद्धार्थ नावाचे एक तज्ज्ञ आणले गेले. खादीचा सदरा, पायात काही नाही, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. दर बुधवारी चार वाजता आमच्या टीमने फोन टोपलीत टाकायचे आणि त्यांच्यामागून चाळीस मिनिटं कॅम्पसभर चालायचं, तोंड मिटून.

"काही शोधू नका," ते म्हणाले. "जे येतंय ते कानावर येऊ द्या. त्याला नाव द्यायची घाई करू नका."

पहिली पंधरा मिनिटं मला फक्त माझं स्वतःचं डोकं ऐकू आलं. ते कुरकुरत होतं. मग ते दमलं असावं. कारण एकाएकी कळलं की एसीच्या मोठ्या यंत्रांची घरघर एक नाही, दोन आहेत, आणि त्यातली एक मधूनमधून दम खाते. फाटकांवर कार्ड टेकवलं की पीप वाजतं, ते तिन्ही फाटकांचं वेगळं होतं. फरशीचा एक ठोकळा पाय पडला की डुगडुगत होता. कँटीनमागच्या कडुलिंबात कोकीळ होता. त्या झाडाखाली मी सहा वर्षं डबा खाल्ला होता आणि तो मला आज ऐकू आला. मला हे सगळं फार आवडलं, कबूल करायला हरकत नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी होते त्यापेक्षा जरा बरी बाई झाले होते.

पण आमची मॅनेजर श्रीनिधी हिचा एक नियम आहे: जे नोंदलं नाही ते घडलंच नाही. तिने विचारलं, या चालण्याची नोंद कुठे आहे? नव्हती. मग ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला दहा आवाज नोंदवायचे, शुक्रवारी पाचच्या आत. कुठे नोंदवायचे हा प्रश्नच नव्हता. जगातली कुठलीही गोष्ट नोंदवायला आमच्याकडे एकच जागा आहे, ती म्हणजे तिकिटांची यंत्रणा. आणि तिला एकाच जातीची नोंद समजते, बिघाड.

"पण हे बिघाड नाहीत," सिद्धार्थ हळू आवाजात म्हणाले.

"तो रकाना मोकळा सोडता येत नाही," श्रीनिधीही तितक्याच हळू म्हणाली.

त्यामुळे कोकिळाची नोंद अशी झाली: "कँटीनमागे उंच पट्टीत वारंवार आवाज. गंभीरता मध्यम. पडताळणीसाठी कडुलिंबाखाली उभे राहा." मीच लिहिली. चांगली लिहिली होती.

आता तिकीट काढलं की ते जागेवर बसून राहत नाही. ज्या बिघाडाला आमच्यापैकी कुणी वाली नसतो तो एल-थ्री नावाच्या टीमकडे जातो. एल-थ्रीत कोण आहे, ते कुठल्या मजल्यावर बसतात, हे कंपनीत कुणालाच माहीत नाही. पण ते काम करतात, आणि वेळेत करतात. पुढच्या बुधवारी आम्ही फिरायला निघालो तर फाटकांचं पीप बंद झालेलं. ठोकळा डुगडुगला, पण मुकाट. कोकीळ फांदीवर बसला होता, गळा फुगवत होता, चोच उघडत होता, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. मी फोन टोपलीतून काढून पाहिलं. तिकिटावर लिहिलं होतं: दुरुस्त. बंद.

"शांतताही ऐकायची असते," सिद्धार्थ म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

श्रीनिधी मात्र खूश होती. एका आठवड्यात त्रेचाळीस तिकिटं बंद, आमच्या टीमचा उच्चांक. ती मनापासून हसली आणि तिचं हसूही ऐकू आलं नाही. ते तिकीट कुणी काढलं होतं ते मी सांगणार नाही, पण गंभीरतेच्या रकान्यात 'अति' लिहिलं होतं. तिच्या स्वतःच्या काही लक्षात आलं नाही आणि आम्हीही कुणी बोललो नाही. ऑफिसात असल्या गोष्टी चालायच्याच, असं मला वाटलं.

असं वाटून घ्यायला मी मोकळी नव्हते. पहिल्याच शुक्रवारी माझे नऊ आवाज झाले होते, दहावा सुचत नव्हता, आणि तांबरमची बस सुटायला दहा मिनिटं होती. तेव्हा मला घरचा एक आवाज आठवला. मी लिहिलं: "तळमजल्यावरून धातूवर धातू आपटल्याचा आवाज. दिवसातून वीसेक वेळा. अनियमित. गंभीरता किरकोळ." आणि बस पकडली.

घर म्हणजे तांबरम स्टेशनच्या पश्चिमेला एका गल्लीतला वरचा मजला. खाली घरमालक राहतात. व्यासराज राव हे गणिताचे निवृत्त मास्तर, वय एकोणऐंशी, त्यांना मी अप्पा म्हणते. त्यांच्या पत्नी कनकाक्का. दोघं तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडला तेव्हा जे मराठी बरोबर नेलं तेच ते अजून बोलतात, तमिळच्या चालीवर. 'अस्कें' म्हणजे सगळं, हे कळायलाच मला महिना लागला होता. मुलगी संयुक्ता लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. आता घरात दोघंच.

कनकाक्का नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायकांचं असतं, पण त्या कधी 'अहो'सुद्धा म्हणत नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा सुनेचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असा सासूचा दंडक होता. म्हणून त्या भांड्यावर डाव आपटायच्या आणि अप्पा बाहेरच्या झोपाळ्यावरून उठून यायचे. सासू जाऊन तीस वर्षं झाली. डाव तसाच राहिला. माझ्या ओट्याच्या बरोबर खाली त्यांचा ओटा, त्यामुळे ही टकटक मला सहा वर्षं येत होती. दहाव्या तिकिटावर मी तीच लिहून पाठवली होती.

किरकोळ तिकिटं सगळ्यात शेवटी घेतात. ते तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी बंद झालं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर अप्पा झोपाळ्यावर ताठ बसले होते. आत कनकाक्का सांबाराच्या पातेल्यावर डाव आपटत होत्या, चांगला जोर लावून, आणि आवाज शून्य. मला पाहून त्या थांबल्या.

"कान गेले ग माझे," त्या म्हणाल्या. "सकाळपासोन. अस्कें ऐकूं येतें. गाडी ऐकूं येते, कुकर ऐकूं येतो. हें एकच नाहीं."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं: फिरणं, दहा आवाज, तिकीट, एल-थ्री. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे वडील नगरपालिकेत कारकून होते, त्यामुळे कुठल्याही ऑफिसात काहीही होऊ शकतं हे त्यांना नवीन नव्हतं.

"मग दुसरा अर्ज लिही," त्या म्हणाल्या. "लिहिलें तें खोडतां येतें कीं."

"लिहिते. पण तोवर तुम्ही 'अहो' म्हणा ना अक्का."

"अहो म्हटलें तर गल्लींतले चार म्हातारे वळून पाहतील."

"मग बाहेर जाऊन सांगा, चला जेवायला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. एक्कावन्न वर्षांत त्या नवऱ्याला बोलवायला उंबरा ओलांडून गेल्या नव्हत्या, आणि माझ्या ऑफिसातल्या घोळापायी आता जाणार नव्हत्या.

मी अप्पांकडे गेले. त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी मास्तरांसारखे दोन प्रश्न विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे ती बोलावते आहे, मज ऐकूं येत नाहीं."

"हो अप्पा. तर तुम्ही आत जा ना. पान वाढलंय."

"न बोलावतां कसा जाऊं?" ते म्हणाले. "एकदां गेलों होतों. लग्नाचें दुसरें वर्ष. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मज पाहून पदर सारखा केला, म्हणाली, बोलावल्यावर यावें. तेव्हांपासोन जात नाहीं."

"कशासाठी रडत होत्या?"

"विचारलें नाहीं. बोलावलें नव्हतें कीं."

त्या रात्री अप्पा दोन केळी खाऊन झोपले. कनकाक्का नवऱ्याचं झाल्याशिवाय जेवत नाहीत, त्या काहीच न खाता झोपल्या. अप्पांना मधुमेह आहे. ते गोळी घड्याळाच्या काट्यावर घेतात आणि गोळीनंतर पंधरा मिनिटांत पोटात अन्न जावं लागतं. बुधवारी दुपारी त्यांनी गोळी घेतली, हाकेची वाट पाहत बसले, आणि त्यांना दरदरून घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्या दिवशी घरून काम करत होते म्हणून निभावलं. साखरपाणी पाजलं, वरून पोहे आणले. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि ताटली बाजूला ठेवली. जेवण जेवणाच्या जागी, म्हणाले.

आमच्या धंद्यात मूळ बिघाड दुरुस्त होईपर्यंत काहीतरी पर्याय काढून देतात. मी पर्याय काढायला लागले. कनकाक्कांना दारावर टकटक करायला सांगितलं, तर अप्पा उठून फाटकाशी गेले, कोण आलंय पाहायला. टाळी वाजवायला लावली, तर ते म्हणाले ती कावळे हाकलते आहे. देव्हाऱ्यातली घंटा वाजवली, त्यांनी बसल्याजागी हात जोडले. शेवटी कनकाक्कांकडून त्यांच्या मोबाइलवर फोन लावला. त्यांनी उचलला आणि आदराने विचारलं, "कोण बोलता?" "मी," कनकाक्का म्हणाल्या. "मी म्हणजे कोण?" त्यावर कनकाक्कांनी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशीही बोलल्या नाहीत. त्या घरातल्या प्रत्येक आवाजाला आधीपासून एक अर्थ होता आणि जागा शिल्लक नव्हती. हे मला कळायला हवं होतं. ऐकण्याचं प्रशिक्षण मी घेत होते ना.

तिकीट पुन्हा उघडण्याचा अर्ज मी मंगळवारीच केला होता. बुधवारी एल-थ्रीचं उत्तर आलं: दुरुस्ती व्यवस्थित चालू आहे, तक्रार अमान्य. मग मी नवीन तिकीट काढलं, "अपेक्षित आवाज येत नाही." त्यावर प्रश्न आला: अपेक्षित आवाजाचं नेमकं वर्णन द्या. मी लिहिलं, टकटक. उत्तर आलं: अपुरी माहिती.

हे वाक्य मी बारा वर्षं दुसऱ्यांना लिहीत आले आहे.

गुरुवारी सकाळी मी सिद्धार्थना फोन करून विचारलं की आवाज नेमका कसा लिहायचा. आपण कधी लिहिलेला नाही, आपण फक्त चालतो, असं ते म्हणाले. मग मी वही घेऊन खाली गेले आणि झोपाळ्याशेजारी स्टूल ओढून बसले.

"अप्पा, त्या डाव आपटायच्या तो आवाज कसा होता?"

"कोणता?" अप्पांनी विचारलं.

"तोच. हाकेचा."

"तेंच विचारतों. एकोणीस आहेत."

मला वाटलं साखर पुन्हा उतरली. पण ते शुद्धीवर होते. त्यांनी बोटाचं पेर झोपाळ्याच्या फळीवर टेकवलं आणि वर्गात शिकवावं तसं एकेक वाजवून दाखवायला लागले. पहिली काफीची, भांड्याच्या काठावर दोन हलक्या. दुसरी जेवणाची, दोन काठावर आणि एक पोटावर. तिसरी जेवणाचीच, पण ती रागावलेली असताना, डाव उलटा धरून दांड्याने. चौथी पाहुणा आलाय आणि त्याला काफी द्यायची आहे. पाचवी पाहुणा आलाय आणि द्यायची नाही. सातवी पाल. नववी गॅस संपला. अकरावी अप्पांच्या बहिणीचा फोन, ही जरा लांबवून. एकोणिसावी एकदाच वाजली होती, संयुक्ता विमानात बसली त्या दिवशी. एकच ठोका, आणि लगेच भांड्यावर हात ठेवला, नाद पुढे जाऊ नये म्हणून.

मी लिहून घेत होते आणि मान वर करायची मला लाज वाटत होती. सहा वर्षं मी या आवाजाच्या डोक्यावर राहत होते. लिहिलं काय, तर अनियमित.

एकोणीस हाका मी एकोणीस परिच्छेदांत लिहून पाठवल्या. ठोके, अंतर, भांडं, डावाची कुठली बाजू, सगळं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं तिकीट असेल. यंत्रणेने त्याची आपोआप एकोणीस तिकिटं केली. अठरा पुढच्या वर्षाच्या यादीत गेली. उद्या, शुक्रवारी, एकच घेता येईल, कुठलं ते आज दुपारी तीनपर्यंत कळवा, असा निरोप आला.

यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. मी दुसऱ्या हाकेवर बोट ठेवलं, जेवणाची. फक्त रीत म्हणून अप्पांना विचारलं. ते तासभर झोपाळा थांबवून बसले.

"चौदावी," ते म्हणाले.

मी वहीत पाहिलं. चौदावीपुढे मी घाईत 'नुसती' एवढंच लिहिलं होतं. "ही कशाची, अप्पा?"

"कशाचीच नाहीं. तिसऱ्या प्रहरीं, काम नसतां. एकदांच, हलकी, डावाच्या पोटानें. मी आहें कीं नाहीं तें पाहायाची. मी इथून खाकरतों. मग ती पुढें कामास लागते."

"अप्पा, तुम्ही उपाशी आहात. जेवणाची घ्या. बाकीच्या मी भांडून आणीन."

"जेवणास कोणी ना कोणी बोलावील, सावनी. तूं बोलावतेस कीं. चौदावी दुसरें कोण देणार?"

मला त्यांचा फार राग आला. माणसाने आधी पोटाचं बघावं, मग असले लाड करावेत. पण तिकीट माझं असलं तरी हाक माझी नव्हती. कनकाक्कांना विचारायला जावं तर त्या रुसून देव्हाऱ्यापुढे बसलेल्या. शेवटी मी चौदावी निवडली. 'हा आवाज कामकाजासाठी का आवश्यक आहे' असा एक रकाना होता. त्यात मी चार वेळा लिहून खोडलं आणि शेवटी लिहिलं, "दुसरी व्यक्ती जागेवर असल्याची खात्री." तो रकाना पहिल्यांदाच कुणाच्या हरकतीशिवाय गेला.

शुक्रवारी चार वाजता तिकीट बंद झालं. साडेचारच्या बसने मी निघाले. केळंबाक्कमच्या रस्त्यावर खिडकीशी बसून मी मुद्दाम काहीही ऐकलं नाही. मला फक्त घरी पोचायचं होतं.

फाटक उघडलं तेव्हाच तो आवाज आला. एक ठोका, हलका, जरा गोल, आणि मागे राहिलेला बारीक नाद. झोपाळ्यावर अप्पांनी डोळे मिटून घेतले. मग ते खाकरले, आणि गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

ते उठले मात्र नाहीत.

आत पान वाढलेलं होतं. कनकाक्कांनी दोन काठावर आणि एक पोटावर अशी जेवणाची हाक दिली, मी डोळ्यांनी पाहिली. वाजला एकच हलका ठोका. बाहेरून खाकरणं आलं. त्यांनी डाव उलटा धरला आणि दांड्याने जोरात हाणला. पुन्हा तोच हलका ठोका. पुन्हा खाकरणं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. डाव कसाही आपटला तरी आता चौदावीच येणार होती, आणि चौदावीला अप्पांनी उठायचं नसतं.

"पाहिलेंस?" कनकाक्का माझ्याकडे वळल्या. "आतां ऐकूं जातें. ऐकूं जातें तरी येत नाहींत. बसून खोकतात."

मी वही उघडली आणि उभ्या उभ्या त्यांना वाचून दाखवलं, पहिलीपासून. काफी, जेवण, राग, पाहुणा, पाल. त्या डाव हातात धरून ऐकत होत्या.

"एकोणीस?" त्या म्हणाल्या. "मी हातीं येईल तें, हातीं येईल तसें आपटतें ग. मज कोठले एकोणीस ठाऊक?"

"त्यांना ठाऊक आहेत."

"आणि ही आतांची?"

"चौदावी. तुम्ही दुपारी एकदा नुसतंच वाजवता ना, काम नसताना? ते आहेत की नाहीत ते बघायला. आणि ते खाकरून सांगतात, आहे म्हणून. एल-थ्रीवाले एकच हाक देणार होते. त्यांनी ही मागून घेतली."

कनकाक्का ओट्याला टेकल्या.

"तें उत्तर होतें?" त्या म्हणाल्या. "एक्कावन्न वर्षें मी त्यांस मिरीचा कषाय देतें. तिसऱ्या प्रहरीं खोकला चढतो म्हणून. दोनदां डाक्तराकडे नेलें. छातीचा फोटो काढविला."

"आणि ते कषाय प्यायचे?"

"रोज. तोंड वाकडें करून. तमलरभर पिऊन पेला रिकामा करून देत."

त्यांनी पदराने डोळे टिपले. मग डाव सरळ धरला आणि पातेल्यावर एकदा आपटला, हलका, डावाच्या पोटाने. बाहेरून खाकरणं आलं. त्यांनी मान कलती केली, ते पूर्ण संपेपर्यंत ऐकलं, आणि पुन्हा एकदा आपटला. पुन्हा आलं. चार वेळा, पाच वेळा. सांबार निवत होतं. मला हुंदका येत होता आणि तो ऐकू जाऊ नये म्हणून मी ओठ दाबून उभी होते.

मग त्यांनी गॅस बंद केला, वाढलेलं पान उचलून ताटात घेतलं, दुसरं ताट आपलं वाढून घेतलं, आणि दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन उंबऱ्यापाशी आल्या. तिथे क्षणभर थांबल्या. मी पुढे होऊन एक ताट घ्यायला लागले तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं.

अप्पा गडबडून उठायला लागले.

"उठूं नका," कनकाक्का म्हणाल्या. "बोलावलें नाहीं. मीच आलें."

त्या झोपाळ्यावर शेजारी बसल्या. दोघांच्या वजनाने कड्या करकरल्या. अप्पांनी गोळी घेतली, कनकाक्कांनी त्यांच्या भातावर सांबार ओतलं, आणि दोघं मांडीवर ताटं घेऊन खाली मान घालून जेवायला लागले, तीन दिवसांचे उपाशी. जिन्यावर जायचं सोडून मी दाराशी तशीच उभी राहिले.

सांबार तिखट झालं असावं. चौथ्या घासाला अप्पांना ठसका लागला, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा.

कनकाक्कांनी पानावरून मानही वर केली नाही.

"आहें कीं," त्या म्हणाल्या.